अनिकेत जाधव बडोद्यात का घडला नाही

2024 च्या मे महिन्यात गुजरात सुपर लीग सुरू झाली. सहा संघ, सामने अहमदाबादला, आणि त्यात एक वडोदरा वॉरियर्स. आपल्या गावाच्या नावाचा फुटबॉल संघ निघालाय हे दांडिया बाजारात निम्म्या लोकांना सेव उसळ खाता खाता कळलं. मी मामांना विचारलं, "मामा, तुम्ही एवढी वर्षं मैदानावर जाताय, आपल्यातला एखादा मराठी पोरगा कधी वरपर्यंत खेळला का फुटबॉल?" मामांनी तर्रीत पाव बुडवला आणि म्हणाले, "मराठी फुटबॉलवाला हवा असेल तर कोल्हापूरला जा. इथे बॅट मिळेल."

मामांनी टोमणा मारला होता, पण अनिकेत जाधवची कारकीर्द समजून घ्यायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

अनिकेत कोल्हापूरचा, जन्म जुलै 2000 चा. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये भारतात 17 वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, त्या भारतीय संघातला आघाडीचा खेळाडू. पुढे आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, तो बहुतेक विंगवर, मैदानाच्या कडेला दिसला. आघाडीवरून कडेला कसा गेला ते पुढे येईल. आधी कोल्हापूर आणि बडोदा.

ही दोन संस्थानं परकी नव्हती. शाहू महाराजांच्या राणीसाहेब लक्ष्मीबाई बडोद्याच्या खानविलकरांच्या घरातल्या, लग्न 1891 चं. त्यांचे चिरंजीव राजाराम महाराज, त्यांची सोयरीक 1918 मध्ये थेट गायकवाडांकडे, सयाजीरावांच्या नातीशी, इंदुमती ताराराजेंशी. दोन्हीकडे दरबारी कुस्त्या, पैलवानांना खुराक, पेठेपेठेत तालमी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं. बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिर 1880 पासूनचं. तिथे प्रोफेसर माणिकरावांनी मल्लखांब, लाठी, लेझीम शिकवली आणि मोडलेली हाडंही बसवली. मातीचा वास दोन्ही गावांत एकच होता म्हणा.

फरक पडला तो तालमीने पुढे काय हातात घेतलं यात. कोल्हापुरात तालीम मंडळांनीच फुटबॉल उचलला. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, संध्यामठ ही नावं ऐकून बाहेरच्याला वाटतं कुस्तीचे आखाडे असतील. हे फुटबॉलचे संघ आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, 1940 पासून आहे, आणि तिची लीग शाहू स्टेडियमवर होते. संघ पेठेचा असल्यामुळे पोराला पहिला चेंडू गल्लीतच मिळतो, आणि हरलं तर दुसऱ्या दिवशी दूध आणायला जायची लाज वाटते. त्या ईर्षेतून हुल्लडबाजीही होते, पोलिसांचा बंदोबस्त लागतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दहा वर्षांच्या मुलाला हजारो लोक फुटबॉलसाठी ओरडताना दिसतात. शाळेच्या पीटीच्या तासाला ते मिळत नाही.

बडोद्यात राजाश्रय गेला क्रिकेटकडे, आणि असा गेला की बाकीच्यांना जागाच उरली नाही. विजय हजारे बडोदा संस्थानच्या नोकरीत होते. 1947 च्या मार्चमध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी आणि गुल महंमदने 577 धावांची भागी केली, तीही इथेच, बडोद्यात. हजारे 288, गुल महंमद 319. रणजी करंडक आपण पाच वेळा जिंकलो. ज्या घरात आजोबा ही भागी स्वतः पाहिल्यासारखी सांगतात (माझे आजोबा त्या दिवशी नडियादला होते, तरी सांगायचे), त्या घरात नातू फुटबॉलचे बूट मागायला जरा बिचकतोच. आमच्या तालमी कुस्ती, मल्लखांबाशी इमान राखून राहिल्या. फुटबॉल मी लहानपणी पाहिला तो रेल्वे आणि रिफायनरीच्या वसाहतींत, बंगाली आणि मल्याळी काकांचा. अलीकडे बडोदा फुटबॉल अकॅडमीच्या मुली 2019-20 च्या महिलांच्या राष्ट्रीय लीगपर्यंत पोचल्या. म्हणजे पोरं गेली नाहीत तिथे पोरी गेल्या.

पण नुसत्या पेठेच्या जोरावर कोणी व्यावसायिक खेळाडू होत नाही. कोल्हापूरची लीग रग देते, गर्दीपुढे उभं राहायला शिकवते, पण तिथे पोट भरत नाही, आणि पेठेचा हिरो पेठेतच म्हातारा होतो. अनिकेत लहानपणीच घर सोडून पुण्याला गेला, बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत. महाराष्ट्र सरकारची ही निवासी योजना: मुलं निवडायची, तिथेच राहणं, जेवण, शाळा आणि सराव. तिथून तो पुणे एफसीच्या अकादमीत आला.

त्या काळातलं पुणे आता खरं वाटत नाही. पुणे एफसी होतं, भारत एफसी एक हंगाम खेळून गेलं, डीएसके शिवाजियन्सची लिव्हरपूलच्या नावाची अकादमी होती, 2014 पासून एफसी पुणे सिटी. आज देशातला सर्वांत नावाजलेला विंगर लालियानझुआला छांगते मिझोरामचा, पण घडला त्या डीएसकेच्या अकादमीत. 2015 च्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या, स्पर्धेत नेपाळविरुद्ध त्याने दोन गोल मारले तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. केरळचा आशिक कुरुनियन पुणे एफसीच्या अकादमीतून स्पेनला व्हिलारेआलकडे गेला. मिझो, मल्याळी, कोल्हापुरी, सगळे चार-पाच वर्षांच्या अंतराने एकाच शहरातून गेले. आणि ते शहर फुटबॉलचं नव्हतं! एवढे क्लब एका वेळी चालू होते, इतकंच.

मग ते एकेक करून मिटले. 2015 ते 2019 या काळात चारही गेले. 2019 मध्ये पुणे सिटीच्या जागी आयएसएलमध्ये हैदराबाद एफसी आलं.

अनिकेत तोवर भारतीय संघाच्या छावणीत होता. 17 वर्षांखालील विश्वचषकातले दिल्लीतले तिन्ही सामने भारत हरला: अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2, घानाकडून 0-4. गोल एकच, जीक्सन सिंगचा. निकाल पाहून नाकं मुरडणं सोपं आहे. पुढे जे झालं ते जास्त महत्त्वाचं. ती पोरं घरोघरी पांगू नयेत म्हणून फुटबॉल महासंघाने इंडियन ॲरोज हा संघ पुन्हा उभा केला आणि सरळ आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये मोठ्यांसमोर उतरवला. पहिला सामना 29 नोव्हेंबर 2017, चेन्नई सिटीविरुद्ध. ॲरोज 3-0 जिंकले, त्यात दोन गोल अनिकेतचे. हंगाम संपला तेव्हा संघ तळाला होता, पण सतरा वर्षांच्या मुलांना आठवड्यामागून आठवडा नव्वद मिनिटं मिळाली. इथे आकडे बघणाऱ्यांची गल्लत होते. त्या वयात किती जिंकलास यापेक्षा किती खेळलास हे जास्त मोलाचं.

2019 मध्ये तो जमशेदपूर एफसीकडे गेला, आणि तिथे नऊ नंबरचा, म्हणजे स्ट्रायकर, पोरगा कडेला सरकला. त्याच्या खेळात काही बिघडलं नव्हतं. आयएसएलचे नियम पाहा. सुरुवातीला मैदानावर एका वेळी सहा परदेशी चालायचे, 2017-18 पासून पाच, 2021-22 पासून चार. क्लब ते परदेशी कुठे लावणार? पाठीच्या कण्यात: मध्यभागी बचाव, मधली फळी आणि गोल मारणारा. जमशेदपूरला सर्जिओ कास्टेल होता, मग व्हाल्सकिस. 2021 मध्ये अनिकेत हैदराबादला गेला, तिथे ओगबेचे, ज्याने त्या हंगामात 18 गोल केले. भारतीय आक्रमक खेळाडूला उरतात त्या दोन कडा. देशात चांगले विंगर एकामागून एक निघताहेत आणि स्ट्रायकर मात्र छेत्रीनंतर शोधावा लागतोय, याचं माझ्या मते हे मोठं कारण आहे.

विंगला जुने लोक लेफ्ट आऊट, राईट आऊट म्हणायचे. मामा अजूनही म्हणतात. तेव्हाचं काम सरळ होतं: रेषेने पळ, क्रॉस टाक. आता उजव्या पायाच्या मुलाला डावीकडे लावतात, म्हणजे आत वळून गोलवर मारता यावं. शिवाय चेंडू गेला की त्यानेच मागे पळून बॅकला मदत करायची. स्ट्रायकर म्हणून वाढलेल्या मुलाला हे धावणं वीस वर्षांचा झाल्यावर शिकावं लागतं, आणि तेही बहुधा बदली खेळाडू म्हणून मिळालेल्या पंधरा-वीस मिनिटांत. डिसेंबर 2021 मध्ये हैदराबादने नॉर्थईस्ट युनायटेडला 5-1 हरवलं, त्यात एक गोल अनिकेतचा होता. त्याच हंगामात, 20 मार्च 2022 ला, गोव्यात फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून हैदराबाद विजेतं झालं. पुण्याची जागा घेतलेला संघ, आणि त्यात पुण्यात शिकलेला कोल्हापूरचा पोरगा. ॲरोज संघ त्याच वर्षी महासंघाने पुन्हा बंद केला.

गेल्या रविवारी पोलो ग्राउंडवर गेलो होतो. चार क्रिकेट सामने एकमेकांत घुसलेले, एकाचा पॉइंट दुसऱ्याचा लाँग ऑन. कोपऱ्यात सात-आठ मुलं फुटबॉल खेळत होती, गोल म्हणून दप्तरं. एक सडपातळ पोरगा सारखा कडेने निघायचा, आणि कडेला नेमक्या क्रिकेटवाल्यांच्या स्कूटर लावलेल्या. विंगरला जो पट्टा लागतो तोच पार्किंगचा. तीनदा तो हँडलला खेटून आत वळला. चौथ्यांदा चेंडू स्कूटरच्या खालून सोडला, स्वतः वरून वळसा घालून पलीकडे गाठला आणि क्रॉस टाकला. आत कोणी पोचलंच नव्हतं.

मामा म्हणाले, "लेफ्ट आऊट आहे," आणि पुन्हा क्रिकेटकडे तोंड करून बसले.