देवावर भरवसा की देवावर हवाला? धंद्याच्या पडत्या काळात फरक ओळखायचा कसा

"बघूया, देव बघतलो." सिंधुदुर्गात धंदा बसलेल्या माणसाची चौकशी केली की बहुतेक वेळा हेच कानावर येतं. हे वाक्य दोन अगदी वेगळी माणसं बोलतात. एकाने त्याच सकाळी बँकेत जाऊन हप्ते पुढे ढकलण्याचा अर्ज दिलेला असतो, उधारीची यादी काढलेली असते आणि मग देवाला हात जोडलेले असतात. दुसऱ्याने बँकेची पत्रं न फोडताच कपाटात सारलेली असतात. ऐकणाऱ्याला दोघेही सारखेच श्रद्धाळू वाटतात. अडचण अशी की, खचलेल्या अवस्थेत आपण या दोघांपैकी कोण आहोत हे त्या माणसाला स्वतःलाही कळत नाही.

पहिल्याचा तो भरवसा आणि दुसऱ्याचा हवाला, असं धरून चालू.

कोकणात धंद्याचं गणित बाहेरच्या गोष्टींवर फार अवलंबून आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन-मुरुडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, 16 आणि 17 मेला तौक्ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीला घासून गेलं ते ऐन आंब्याच्या हंगामात. त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी, 22 जुलै 2021 ला, चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा ठिकाणी निव्वळ हिशेबावर कुणी उभं राहू शकत नाही. पोफळीचं रोप लावल्यावर पहिली सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं जातात, म्हणजे वादळानंतर नवी बाग लावणं हाच मुळात श्रद्धेचा व्यवहार आहे. पण नीट लावणारा माणूस त्या मधल्या वर्षांत घर कशावर चालेल तेही ठरवतो. केळी, अननस यांसारखी लवकर पैसे देणारी आंतरपिकं घेतो, आणि सावली तयार झाली की काळी मिरी, जायफळ, दालचिनी. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राची 'लाखी बाग', म्हणजे नारळात मसाल्याची आंतरपिकं घेण्याची पद्धत, याच विचाराची आहे. नुसतीच रोपं लावून "पाच वर्षांनी बघू" म्हणणाऱ्याचा भरवसा दुसऱ्या पावसाळ्यातच सावकाराच्या दारात जातो.

फरक तपासायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे तारीख आणि आकडा. "हंगाम सुधारेल" यावर विचारा: कधीपर्यंत, आणि किती सुधारला तर सुधारला म्हणायचं? भरवसा असलेला माणूस थोडा विचार करून का होईना, उत्तर देतो. हवाल्यावर असलेला चिडतो, किंवा तारीख दर वेळी पुढे सरकवतो: दिवाळीनंतर, मग नाताळात, मग मे महिन्यात.

मालवण-तारकर्ली पट्ट्यातल्या तीन खोल्यांच्या न्याहारी-निवासाचा हिशेब बघा (आकडे नमुन्याचे आहेत, आपले घालून घ्या). महिन्याचा ठरलेला खर्च: कर्जाचा हप्ता 14,000, साफसफाईच्या बाईंचा पगार 7,000, वीज वगैरे 3,000, एकूण 24,000. एका खोलीचे एका रात्रीचे 1,800 मिळतात. त्यातले न्याहारी, धुलाई, बुकिंग साइटचं कमिशन मिळून 600 जातात, हातात 1,200 उरतात. 24,000 भागिले 1,200, म्हणजे महिन्याला वीस खोली-रात्री. इथेच बहुतेकांची चूक होते. महिन्यातले चार शनिवार-रविवार भरले तरी चोवीस होतात, मग काळजी कसली, असं वाटतं. पण जून ते सप्टेंबर खोल्या जवळपास रिकाम्या असतात आणि हप्ता मात्र थांबत नाही. वर्षाचा ठरलेला खर्च 2,88,000, त्याला 240 खोली-रात्री लागतात, आणि त्या आठ महिन्यांतच काढायच्या आहेत. म्हणजे हंगामात दरमहा तीस. "चोवीस होतायत, देवाची कृपा आहे" म्हणणारा माणूस दर महिन्याला सहा रात्री मागे पडत असतो आणि त्याला ते ऑगस्टमध्ये कळतं, जेव्हा काही करता येत नाही.

तीसचा आकडा भिंतीवर लावला की श्रद्धेला काम मिळतं. सलग दोन हंगामी महिने पंचवीसच्या खाली गेले तर काय करायचं, हे आधीच लिहून ठेवायचं: एक खोली बदली होऊन आलेल्या शिक्षकाला किंवा बँकेतल्या माणसाला महिन्याच्या भाड्याने द्यायची, चौथी खोली बांधायचा विचार थांबवायचा. हे सगळं गल्ला चांगला असताना लिहावं. पडत्या महिन्यात डोकं जे सुचवतं त्यावर फार विसंबू नये.

इथे कुणी म्हणेल, आकडे आणि मुदती घातल्या तर ती श्रद्धा कसली? कौलाची रीत आठवावी. गाऱ्हाणं घातल्यावर गुरव देवाला पाकळ्या लावतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दोन्ही उत्तरं शक्य आहेत म्हणूनच कौल लावण्याला अर्थ आहे. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीखसुद्धा गृहीत धरलेली नसते, दर वर्षी देवीचा कौल घेऊन ठरते. आणि एकदा ठरली की चाकरमान्यांच्या तिकिटांपासून दुकानांच्या मांडणीपर्यंत सगळं त्या तारखेला बांधलं जातं. म्हणजे आपल्याकडची जुनी श्रद्धा प्रश्न नेमका विचारते, नकार ऐकायची तयारी ठेवते आणि उत्तर मिळालं की कामाला लागते. उजवा पडेपर्यंत कौल लावत राहणं याला कुठलाही जाणता गुरव श्रद्धा म्हणणार नाही. मोबाईलवर रोज सकाळी येणारे 'विचार बदला, नशीब बदलेल' छापाचे संदेश याच जातीचे असतात, त्यांत डावा कौल नसतोच.

चिकाटी आणि हट्ट यांचा गोंधळ याहून अवघड, कारण तिथे आकडेसुद्धा फसवतात. आंब्याचं उदाहरण घेऊ. समजा एकाने 3 लाखांना हापूसची बाग खंडाने, म्हणजे ठरलेली रक्कम देऊन हंगामापुरती, घेतली. थंडी नीट पडली नाही, मोहर गळला, फुलकिडीने उरलेल्यात हात मारला. मार्चअखेर झाडावर अंदाजे 200 पेट्यांचा माल दिसतोय. यापुढे लागणारा खर्च (राखण, तोडणी, पेटी-पेंढा, गाडीभाडं) पेटीमागे 900, आणि वाशीच्या घाऊक बाजारात पेटीमागे 2,200 मिळावेत. आता सोडून द्यायचं की पुढे जायचं?

खचलेला माणूस 3 लाखांकडे बघतो आणि म्हणतो, बुडालोच, आता आणखी कशाला ओतू. पण ते 3 लाख गेलेलेच आहेत. आज निर्णय फक्त पुढच्या 900 आणि 2,200 चा आहे. पेटीमागे 1,300 सुटतात, 200 पेट्यांचे 2,60,000 परत येतात आणि तोटा 40,000 वर थांबतो. आत्ता हात काढला तर तोटा सगळ्या 3 लाखांचा. तेव्हा तोडणीपर्यंत थांबणं ही चिकाटी. हाच माणूस पुढच्या वर्षी "गेलेलं भरून काढायचंच" म्हणून तीच बाग पुन्हा 3 लाखांनाच घेतो, तेव्हा तो हट्ट. पुढच्या खंडाच्या हिशेबात यंदाचा तोटा येताच कामा नये. त्यात यायला हव्यात त्या त्या बागेच्या निदान तीन-चार वर्षांच्या पेट्या, कारण हापूस एक वर्ष भरघोस आणि एक वर्ष तुटपुंजा फळतो. एकाच वर्षाचा आकडा धरला तर चांगल्या वर्षानंतर बाग महागात पडते आणि वाईट वर्षानंतर चांगली बाग हातची जाते.

अशा वेळी दलालाची उचल हा हट्टाला मिळणारा इंधनपुरवठा असतो. उचल घेतली की माल त्याच पेढीवर घालावा लागतो, दर पडला तरी दुसरीकडे वळता येत नाही. तोटा भरायला उचल घ्यायची आणि ती फेडायला पुन्हा बाग घ्यायची, हे चक्र दोन हंगाम चाललं की माणूस स्वतःसाठी धंदा करत नसतो.

बँकेच्या बाबतीत हवाला सगळ्यात महाग पडतो, कारण तिथे दिवस मोजले जातात. मुदत कर्जाचा हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादित (एनपीए) धरतात. पण त्याआधीच तिसाव्या आणि साठाव्या दिवशी ते वरच्या धोक्याच्या वर्गात सरकत असतं. पहिला हप्ता चुकणार हे दिसताच जाणारा माणूस आणि ऐंशीव्या दिवशी जाणारा माणूस यांना मिळणारी वागणूक वेगळी असते. शाखेत जाताना बारा महिन्यांचा खात्याचा उतारा, येणं-देणं यांची यादी आणि पुढच्या वर्षात कोणत्या महिन्यात किती येईल याचा एक पानाचा अंदाज न्यावा. मागणी नेमकी ठेवावी. "सांभाळून घ्या साहेब" यावर शाखाधिकारी काही करू शकत नाही. "जून ते सप्टेंबर फक्त व्याज भरतो, हप्ते ऑक्टोबर ते मे वाढवून द्या" यावर वर प्रस्ताव पाठवता येतो. वादळ-पुराने नुकसान झालं असेल तर पंचनाम्याची प्रत जोडावी. आणि दुकानातला साठा-नोंदीचा फोटो दुकानाबाहेर, मोबाईलवर किंवा नातेवाइकाकडे ठेवावा. पुरात मालाबरोबर वहीही भिजली तर विम्याच्या माणसाला दाखवायला काही राहत नाही.

उधारीतही हेच. कोकम आगळ, आंबापोळी, मसाले बनवून हॉटेलांना देणाऱ्यांनी उद्यम नोंदणी केलेली असेल तर कायद्याने पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत मिळायला हवेत. नोंदणीला पैसे लागत नाहीत. "ते आपले जुने गिऱ्हाईक, देतील" हा माणसावरचा हवाला.

पडत्या काळात कुणीतरी हमखास सांगतं: देवाचं काहीतरी राहिलंय, कुणी केलंय, भगताकडे जा. राखणदाराला नारळ ठेवणं, कुळाचारातलं राहिलेलं पूर्ण करणं यातून मन थाऱ्यावर येत असेल तर ते जरूर करावं. मात्र खर्चाला आधी मर्यादा घालावी आणि तो घरखर्चातून करावा, धंद्याच्या खात्यातून नाही. कामगाराचा पगार थकवून फेडलेला नवस देवाला पोचतो असं आम्हाला वाटत नाही. कोण करणी करतंय याचं नाव कुणी सांगू लागला तर तिथून उठावं. त्यातून भावकीची भांडणं पेटतात आणि महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

घरात काय सांगायचं हा प्रश्न पुरुष सहसा टाळतात. बायकोला कर्जाचा खरा आकडा माहीत नसणं ही आपल्याकडची फार जुनी रीत, आणि घातक. ज्या घरात तिच्या दागिन्यांवर कर्ज निघणार आहे त्या घरात आकडा तिला पहिल्यांदा कळायला हवा. लपवलेल्या तोट्याचं ओझं झोपेवर येतं, मग संध्याकाळच्या बाटलीवर. "मी चुकलो" असं म्हणणारा कुठे चुकलो हे शोधतो. "मी नालायक" म्हणणाऱ्याला शोधायला काही उरत नाही. झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवड्यांहून जास्त उडालं असेल, किंवा आपण नसलो तर घर सुटेल असे विचार येत असतील, तर तिथे श्रद्धा कमी पडली असं समजू नये. तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आहे, मराठीत बोलता येतं.

राहिला डावा कौल. धंदा बंद करायचा ठरलं तर क्रम महत्त्वाचा. आधी कामगारांचे पगार आणि गिऱ्हाइकांचे आगाऊ घेतलेले पैसे, मग दूध-भाजी-मासे देणारे छोटे पुरवठादार, कारण त्यांचं घर त्यावर चालतं. पण हे करताना बँकेला अंधारात ठेवू नये. तिच्याशी तडजोड लेखी करावी आणि शेवटचा पैसा भरल्यावर येणं बाकी नसल्याचं पत्र घेतल्याशिवाय शाखेतून उठू नये. तारण ठेवलेली जागा असेल तर सातबारावरचा बोजा उतरवून घ्यावा, तो आपोआप उतरत नाही. जीएसटी नोंदणी असल्यास ती रद्द करून तीन महिन्यांत जीएसटीआर-10 हे शेवटचं विवरण भरावं. ते राहिलं की दुकान बंद झाल्यावरही विलंब शुल्काच्या नोटिसा येत राहतात.