सेल्फ लागतो, पण गाडी चालू होत नाही

किल्ली फिरवली की सेल्फ लागतो, इंजिन घरघर फिरतं, पण पेट घेत नाही. दोन-तीनदा असं झालं की आपण म्हणून टाकतो, ‘बॅटरी गेली.’ पण सेल्फ नेहमीच्या जोमात फिरत असेल तर बॅटरी ठीक आहे. तो रडत-रडत फिरत असेल तरच तिच्यावर शंका घ्यावी. अशा वेळी सगळा करंट स्टार्टर, म्हणजे सेल्फची मोटार, ओढून घेतो, व्होल्टेज दहाच्या खाली जातं आणि इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, काम करायला पुरेसं उरत नाही.

पूर्वी गाडीच्या तोंडाशी उभं राहून हँडल मारावं लागे. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये ते काम विजेच्या मोटारीने घेतलं. आजही स्टार्टर तेवढंच करतो: मिनिटाला साधारण 200 फेऱ्यांनी इंजिन फिरवून देतो. पुढे ते स्वतःच्या बळावर चालायला हवा आणि पेट्रोल हवं, सिलिंडरमध्ये दाब हवा आणि नेमक्या क्षणी ठिणगी हवी. यातलं काय कमी पडलंय हे बरंचसं पाना हातात न घेताही कळतं, आणि याची सुरुवात सेल्फ मारण्याआधीच होते.

किल्ली ‘ऑन’वर आणून थांबा. रेडिओ, पंखा बंद ठेवा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. टाकीतला पंप पेट्रोलच्या नळीत दाब भरत असतो. नेहमी येणारी ही गुणगुण आज आली नाही, तर पंपाचा फ्यूज आणि रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा डबीसारखा स्विच) आधी बघा. हॉर्नचा रिले पुष्कळदा त्याच नंबरचा असतो. तो काढून पंपाच्या जागी लावला आणि गाडी चालू झाली, की दोष सापडला.

त्याच वेळी डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकतंय का तेही पाहा. किल्लीतली चिप ओळखीची वाटली नाही तर कित्येक गाड्यांत सेल्फ फिरतो, पण पेट्रोल आणि ठिणगी रोखून धरली जाते. दुसरी किल्ली लावून पाहणं हा सोपा इलाज.

आता सेल्फ मारताना आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या दाखवणाऱ्या, काट्याकडे बघा. माझ्या मते हा सगळ्यात बोलका पुरावा आहे आणि त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्या क्रँकशाफ्टबरोबर एक दातेरी चक्र फिरतं. पुष्कळ इंजिनांत त्यावर 60 दातांची जागा असते आणि दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. शेजारी बसवलेल्या सेन्सरमध्ये एक चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तारेचं वेटोळं असतं. दात समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि तारेत इवलासा विद्युतदाब तयार होतो. फॅरडेने 1831 साली दाखवलेलं तत्त्व ते हेच. दातांची ही लय ईसीयू मोजत राहतो. दोन दातांची फट आली की पिस्टन कुठे आहे ते त्याला समजतं, आणि मगच तो पेट्रोल सोडतो, ठिणगी पाडतो. लयच पोचली नाही, तर इंजिन फिरतंय हे त्याच्या गावीही नसतं.

म्हणून सेल्फ फिरत असताना काटा शून्यावर मेल्यासारखा पडून असेल, तर हा सेन्सर तपासून घ्या. काही गाड्यांत काटा तसाही हलत नाही, म्हणून गाडी धड असताना एकदा पाहून ठेवावं. या सेन्सरची एक खोड फार छळते. इंजिन तापलं की तारेतली सूक्ष्म चीर उघडते आणि गाडी बंद पडते. अर्ध्या तासाने निवल्यावर तार पुन्हा टेकते आणि काही झालंच नाही अशी गाडी चालू होते. मेकॅनिक येतो तेव्हा दोष गायब! ‘तापल्यावर बंद पडली, निवल्यावर चालू झाली’ हे वाक्य त्याला आवर्जून सांगा. त्याची बरीच शोधाशोध वाचेल.

सायलेन्सरपाशी पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल येतंय, पेटत नाहीये. ठिणगी पाडणारे प्लग ओले झालेले असू शकतात. ॲक्सिलरेटर तळाशी दाबून सेल्फ मारला तर बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत ईसीयू पेट्रोल बंद करतो आणि नुसत्या हवेने सिलिंडर सुकतात. पण एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको. मध्ये मिनिटभर स्टार्टरला निवू द्या.

डिझेलमध्ये ठिणगीचा प्रश्नच नाही. तिथे थंडीत सिलिंडर गरम करणारे ग्लो प्लग आणि एरवी डिझेलच्या लाईनमध्ये शिरलेली हवा बघावी.

सगळ्यात जपायचं ते आवाजाला. धडधाकट इंजिन सेल्फवर ‘रं-रं-रं’ असं हिसके देत फिरतं, कारण दर वेळी एक पिस्टन हवा दाबत असतो. ते हिसके जाऊन एकसारखं, हलकं, नेहमीपेक्षा भरभर ‘सूंऽऽ’ ऐकू आलं, तर टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टनच्या तालावर व्हॉल्व्ह उघडायला लावणारा पट्टा, तुटलेला असू शकतो. पिस्टन फिरताहेत, व्हॉल्व्ह जागच्या जागी. कित्येक इंजिनांत अशा वेळी पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि ते वाकतात. पुन्हा सेल्फ मारू नका. गाडी ओढूनच न्या.