हसरी प्रेमकथा आणि दुभंगलेले वाचक : पार्श्वभूमी

काळी नायिका, गोरा नायक (किंवा उलट) अशी जोडी घेऊन अमेरिकेत एखादी विनोदी प्रेमकादंबरी आली, की तिच्यावरचे अभिप्राय ठरल्यासारखे दोन टोकांना जातात. एका वाचकाचं हसून पोट दुखलेलं असतं. दुसरीला तेच प्रकरण बोचतं. होणाऱ्या सासूबाई पहिल्याच भेटीत नायिकेच्या केसांना हात लावून बघतात, हा प्रसंग एकाला फार्स वाटतो आणि दुसरीला तो आपल्याच ऑफिसातला कुठलाही मंगळवार वाटतो. तिसऱ्या गटाची तक्रार आणखी वेगळी. मुखपृष्ठावर दोन रंगांची माणसं आहेत खरी, पण तीनशे पानांत तो रंग त्यांना एकदाही आडवा येत नाही, मग हे जोडपं रंगवलं तरी कशाला? त्याच पुस्तकावर चौथा वैतागलेला असतो : सारखं वंश, वंश काय लावलंय, जरा प्रेम करू द्या की त्यांना!

नायिकेची त्वचा चॉकलेट, मोका, कॅरॅमल अशा उपाहारगृहाच्या शब्दांत वर्णन केली, की चौघांपैकी निदान दोघे पुस्तक बाजूला ठेवतात, हे जाता जाता.

या मतभेदाला 'विनोद ज्याच्या त्याच्या आवडीचा' असं म्हणून मोकळं होता येईल. पण घोडं पेंड खातं ते दुसरीकडे. अशा कादंबरीवर 'इंटररेशियल' हे लेबल लागतं, ते कुणी लावलं आणि कुणाच्या सोयीसाठी, यावर एकमत कधीच नव्हतं. प्रेमात पडलेल्या दोघांनी तर ते कधीच लावलेलं नाही.

शब्द मराठीतही अडतोच. 'आंतरवर्णीय' म्हणावं, तर वर्ण म्हणजे कातडीचा रंग की चातुर्वर्ण्यातला वर्ण, हा घोळ लगेच उभा राहतो. 'मिश्रविवाह' हा जुना शब्द आपल्याकडे जातीबाहेरच्या लग्नाला वापरून झिजलेला. 'वर्णसंकर' थेट गीतेच्या पहिल्या अध्यायातून येतो आणि तिथे तो नरकाच्या वाटेवरचा आहे. नंतर त्यातल्या 'संकर'ची रवानगी शेतीखात्यात झाली. आज संकरित म्हटलं की ज्वारी आठवते, नाहीतर गाय. 'आंतरवंशीय' त्यातल्या त्यात निरुपद्रवी, म्हणून इथे तोच घेतला आहे. ऐकायला तो कुणाच्या तोंडचा वाटत नाही, हे मात्र खरं.

इंग्रजीत या गोष्टीसाठी जो शब्द शंभर वर्षं कायद्याच्या पुस्तकांत बसला होता, तो मुळात एका थट्टेतून जन्मला. १८६३ च्या डिसेंबरात, यादवी युद्ध ऐन भरात असताना, न्यूयॉर्कमध्ये एक निनावी पुस्तिका निघाली. बहात्तर पानं, किंमत २५ सेंट. गोऱ्या-काळ्यांनी आपसांत लग्नं केली तरच अमेरिकन वंश सुधारेल आणि लिंकनच्या पक्षाचं खरं उद्दिष्ट तेच आहे, असं तिच्यात अगदी गंभीर चेहऱ्याने मांडलं होतं. 'अमॅल्गमेशन' हा तोवरचा शब्द धातुकामातला, म्हणून लेखकाने लॅटिनमधले 'मिसळणे' आणि 'वंश' जोडून नवा शब्द पाडला : मिसेजनेशन. पुस्तिका गुलामगिरीविरोधी पुढाऱ्यांना अभिप्रायासाठी पाठवली गेली. काहींनी जपून का होईना, पण अनुकूल उत्तरं दिली. फेब्रुवारी १८६४ मध्ये एका विरोधी खासदाराने प्रतिनिधीगृहात तिच्यावर आग पाखडली. त्या वर्षीची अध्यक्षपदाची निवडणूक होऊन गेल्यावर उघड झालं, की लेखक गुलामगिरीचे विरोधक नव्हतेच. लिंकनच्या विरोधातल्या एका वर्तमानपत्राच्या दोन पत्रकारांनी मतदारांना भेवडावण्यासाठी केलेला तो बनाव होता. म्हणजे या विषयावरचं एक गाजलेलं विनोदी लिखाण हे असं : वाचकांना ते विनोदी आहे हेच सांगितलं नव्हतं आणि ज्यांची टर उडवायची त्यांच्याकडूनच अभिप्राय मागवले होते. शब्द मात्र मागे उरला. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला बंदी घालणाऱ्या राज्याराज्यांच्या कायद्यांत जाऊन बसला.

त्या कायद्यांचा इतिहास वाचकाला ठाऊक असेल असं धरून फक्त एक नमुना देतो. १९१९ साली कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. त्यानंतर पाच वर्षांनी, १९२४ मध्ये, व्हर्जिनियाने 'वांशिक शुद्धते'चा कायदा केला. गोऱ्या माणसाच्या रक्तात दुसऱ्या वंशाचा एक थेंबही चालणार नाही, असा त्याचा खाक्या. अडचण एवढीच झाली, की राज्यातली बडी घराणी स्वतःला पोकाहोन्टास या मूळनिवासी राजकन्येचे वंशज म्हणवून मिरवत. मग तेवढ्यापुरती पळवाट काढली : मूळनिवासी रक्त एक-सोळांशापर्यंत असेल तर माणूस गोराच धरावा. एवढा विनोद कादंबरीत घातला असता तर अतिशयोक्ती म्हणून संपादकाने काट मारली असती.

लोकप्रिय कादंबरीची वाटही अशीच पळवाटांची. १९१९ मध्येच इंग्लंडात वाळवंटातल्या शेखाची एक प्रेमकथा तुफान खपली. गोरी नायिका, अरब नायक, आणि शेवटी उलगडा असा, की शेखाचे वडील इंग्रज आणि आई स्पॅनिश. बालपणी हरवलेला राजपुत्र शेवटी सापडतो, त्याच जातीचं हे. वाचकाला परक्या पुरुषाची हुरहुरही मिळाली आणि लग्नाच्या वेळी पत्रिकाही जुळली. पुण्या-मुंबईच्या फिरत्या वाचनालयांतून ज्यांनी मिल्स अँड बूनचे गठ्ठे संपवले, त्यांना या शेखाचे नातू-पणतू ओळखीचे आहेत. मूळ आजोबांची ही भानगड मात्र फारशी सांगितली जात नाही.

१२ जून १९६७ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असले कायदे रद्द केले, तेव्हा ते अजून १६ राज्यांत शिल्लक होते. ज्या जोडप्याने खटला लढवला त्याचं आडनाव लव्हिंग, म्हणजे पुन्हा संपादकाची काट. त्याच वर्षअखेर हॉलिवूडची एक हलकीफुलकी कथा आली. गोऱ्या उदारमतवादी आईबापांच्या घरी मुलगी काळा वर घेऊन येते. हा वर म्हणजे जगप्रसिद्ध डॉक्टर, सभ्य, विनयशील, लग्नाआधी शरीरसंबंध टाळणारा. आईबापांनी नाही म्हणायचं तर रंगाखेरीज दुसरं कारणच उरू नये, अशी त्याची घडण. तिकीटबारीवर चित्रपट धो धो चालला, आणि नायक इतका निर्दोष असेल तर तो माणूस कुठे उरला, ही तक्रार तेव्हापासूनची. आजच्या विनोदी कादंबरीतल्या काळ्या सर्जनवर किंवा काळ्या वकीलबाईवर वाचक जे लिहितात, ते याच तक्रारीचं पुढचं पान आहे. गोरा नायक आळशी, बेकार, चक्रम असला तरी चालतो. विनोदी नायकाने तर तसंच असावं. काळ्या पात्राला मात्र आधी प्रगतिपुस्तक दाखवावं लागतं, मग केळीच्या सालीवरून घसरण्याची परवानगी.

कायदा गेला म्हणून मनं गेली नाहीत. अलाबामाच्या राज्यघटनेतलं मेलेलं कलम काढायला २००० साल उजाडलं, आणि ते काढू नये म्हणून सुमारे ४० टक्के मतं पडली. गॅलपच्या पाहणीत अशा लग्नांना १९५८ मध्ये ४ टक्के लोकांची मान्यता होती, २०२१ मध्ये ९४ टक्क्यांची. या दोन आकड्यांवर बोट ठेवून 'आता कशाला तो विषय' म्हणणारा वाचक भेटतो. बाजाराचे आकडे त्याच्या बाजूने नाहीत. कॅलिफोर्नियातलं फक्त प्रेमकथा विकणारं एक दुकान २०१६ पासून दरवर्षी मोजदाद करू लागलं. मोठ्या प्रकाशकांच्या प्रेमकथांपैकी गोऱ्या नसलेल्या लेखकांच्या किती? २०१६ मध्ये ७.८ टक्के, पुढच्या वर्षी ६.२, २०१९ मध्ये ८.३. म्हणजे मिश्र जोडप्यांच्या गोष्टी आल्या तरी त्या कोण लिहितं, हा प्रश्न उरतोच. पुस्तकांच्या दुकानांतली मांडणीही सांगण्यासारखी होती. काळ्या लेखिकेची प्रेमकथा कित्येकदा 'आफ्रिकन-अमेरिकन' फळीवर जाई. तशाच जोडप्यावर गोऱ्या बाईने लिहिलेली 'प्रेमकथा' फळीवर. फळी बदलली की गिऱ्हाईक बदलतं, आणि अभिप्रायही.

इथे २०१९ चा एक निर्णय सांगायला हवा, कारण वाचकाने टीका किती तिखट करावी हा प्रश्न एकदाच असा चव्हाट्यावर आला.

अमेरिकेत प्रेमकथा लिहिणाऱ्यांची एक मोठी संघटना होती. १९८० मध्ये ती उभी करण्यात एका काळ्या संपादिकेचा मोठा वाटा होता. काळ्या नायक-नायिकेची प्रेमकथा मोठ्या प्रकाशकाकडून बाजारात आणण्याचं श्रेयही त्याच बाईंचं. संघटनेच्या वार्षिक पुरस्काराची यादी मात्र वर्षानुवर्षं गोरीपान. २०१८ मध्ये संघटनेनेच कबूल केलं, की अंतिम फेरीतल्या पुस्तकांत काळ्या लेखकांचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे आणि पुरस्कार एकालाही मिळालेला नाही. पहिले दोन मिळाले २०१९ च्या उन्हाळ्यात. त्याआधी २०१५ मध्ये याच पुरस्काराच्या दोन गटांत एक ऐतिहासिक प्रेमकथा शेवटपर्यंत पोचली होती. तिची नायिका ज्यू कैदी आणि नायक नाझी छावणीचा प्रमुख. तेव्हा वाचकांनी आरडाओरडा केला तो उगाच नव्हता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये चिनी-अमेरिकन वंशाच्या एका लेखिकेने वीस वर्षं जुन्या एका कादंबरीवर समाजमाध्यमांत कोरडे ओढले. त्यातली अर्धी चिनी नायिका आणि एकूणच चिनी बायकांचं चित्रण तिला वंशद्वेषी वाटलं, आणि ते तिने शिवी देऊन सांगितलं. टीका करणारी बाई साधी वाचक नव्हती. पूर्वी कायदा शिकवणारी, संघटनेच्या नीतिसमितीची माजी अध्यक्ष. मूळ कादंबरीकार आणि त्यांची बाजू घेणारी एक प्रकाशिका अशा दोघींनी तिच्याविरुद्ध तक्रारी केल्या. डिसेंबरच्या २३ तारखेला, सगळे नाताळच्या सुटीवर निघालेले असताना, निकाल बाहेर पडला : टीकाकार लेखिका वर्षभरासाठी निलंबित, आणि पदाधिकारी होण्यास कायमची बंदी.

दुसऱ्याच दिवशी संघटनेने निकाल मागे घेतला. तोवर वणवा पेटला होता. राजीनाम्यांची रांग लागली. अध्यक्ष गेल्या, त्यांच्या जागी आलेले जानेवारीत गेले, आणि २०२० ची पुरस्कार स्पर्धाच रद्द झाली. टीकेमुळे आपलं पुस्तकाचं कंत्राट हुकलं, असं मूळ कादंबरीकार बाईंच्या तक्रारीत होतं. हुकलं नव्हतं, बोलणी लांबली होती, असं तक्रारदार बाईंनीच पुढे वर्तमानपत्राला सांगितलं.

संघटनेची बाजू मांडणारे म्हणत, की सभासदाने सभासदाला चारचौघांत शिवी देऊ नये, एवढाच प्रश्न होता. माझ्या मते हे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं. 'हे पुस्तक मला दुखावतं' असं ज्या वाचकाने म्हणायचं, त्याने आवाज किती ठेवावा हे ज्याला दुखलेलं नाही त्याने ठरवायचं, असा त्या निकालाचा अर्थ होता. विनोदी कादंबरीच्या बाबतीत तर ही मागणी दुप्पट होते. तिथे हसला नाहीत तर तुम्ही नुसते नाराज नसता, अरसिकही ठरता.

शहाणपण आलं म्हणावं तर तेही नाही. पुरस्काराला त्या संस्थापक संपादिकेचं नाव देऊन नवी सुरुवात केली, आणि २०२१ मध्ये पहिल्याच वर्षी तो अशा एका पुस्तकाला दिला, ज्याचा नायक मूळनिवाशांच्या कत्तलीत सामील झालेला सैनिक. काही दिवसांत तो परत घेतला. दहा हजारांवर गेलेली सभासदसंख्या दोन हजारांच्या घरात आली, आणि २०२४ च्या मे महिन्यात संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यात हॉटेलांशी केलेल्या संमेलनांच्या कराराचं देणं मोठं होतं.

दरम्यान वाचक भलतीकडेच गेले होते. २००७ नंतर ई-पुस्तकं स्वतःच छापता येऊ लागली, तशी संपादक आणि फळ्या ओलांडून शेकडो लेखिका थेट वाचकापाशी पोचल्या. तिथे लेबल लाजेचं राहिलं नाही, शोधायची खूण झालं. 'काळी स्त्री, गोरा पुरुष' यासाठी चार इंग्रजी अक्षरांची सांकेतिक खूण रूढ झाली : बीडब्ल्यूडब्ल्यूएम. काही वाचक हीच अक्षरं टाकून पुस्तकं शोधतात आणि आपल्यासारख्या बाईवर कुणी जीव टाकतंय, हे वाचायला मिळतं म्हणून खूश असतात. काहींना ही खूणच खटकते : जोडीत गोरा पुरुष असला तरच काळी स्त्री नायिका होते का? आणि दोघंही काळे असतील, तर ती गोष्ट प्रेमकथा नाही का?

२०१८ च्या सुमारास मोठ्या प्रकाशकांनी रंगीत, कार्टूनवजा मुखपृष्ठांच्या विनोदी प्रेमकथांची लाट आणली आणि हा माल पुन्हा मुख्य फळीवर आला. पूर्वी खुणेच्या आधाराने घेतलेलं पुस्तक आता विमानतळावर कुणीही उचलतो. गोष्ट तीच, हशाही तोच, पण शेजारच्या खुर्चीवर आता वेगळा माणूस बसलेला असतो. अभिप्रायांची टोकं याच काळात अधिक लांब गेलेली दिसतात. मोठ्या ई-दुकानात अजूनही 'बहुसांस्कृतिक आणि आंतरवंशीय' असा एकत्र कप्पा आहे. त्यात नायक-नायिका दोघंही काळे असलेली पुस्तकंही सापडतात. दोघंही गोरे असतील, तर त्या पुस्तकांना नुसतं 'प्रेमकथा' म्हणतात.