पार्श्वभूमी: डेव्ह गॅलहर आणि विंग-फॉरवर्डचा वाद

फ्रान्स आणि न्यूझीलंड यांच्या रग्बी कसोटीत २००० सालापासून जो चषक पणाला लागतो, तो न्यूझीलंडचा जुना कर्णधार डेव्ह गॅलहर याच्या नावाने दिला जातो. गॅलहर स्वतः फ्रान्सविरुद्ध एकच कसोटी खेळला, १ जानेवारी १९०६ रोजी पॅरिसमध्ये. फ्रान्सची ती पहिलीच कसोटी होती आणि न्यूझीलंडने ती ३८-८ अशी जिंकली. आज त्याचं नाव आदराने घेतलं जातं. पण ऐन भरात असताना ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्याला सर्रास लबाड ठरवलं होतं.

गॅलहर जन्माने आयरिश. ३० ऑक्टोबर १८७३ रोजी डोनेगॉलमधल्या रॅमेल्टन गावी तो जन्मला. १८७८ मध्ये हे कुटुंब जहाजाने न्यूझीलंडला, काटीकाटीच्या नव्या वसाहतीत पोचलं. वडील वयस्कर, मुलं बरीच. आई शाळेत शिकवून घर चालवायची. १८८७ मध्ये ती कॅन्सरने गेली आणि तेरा वर्षांच्या डेव्हची शाळा सुटली. पुढे ऑकलंडमध्ये मांस गोठवणाऱ्या कंपनीत नोकरी, पॉन्सनबी रग्बी क्लब, मग ऑकलंड प्रांताचा संघ. मधली दीडेक वर्षं दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात गेली. १९०३ मध्ये सिडनीला न्यूझीलंडने आपली पहिली कसोटी खेळली आणि ऑस्ट्रेलियाला २२-३ ने हरवलं, तेव्हा तो संघात होता.

१९०५ च्या ब्रिटन दौऱ्याचं कर्णधारपद त्याला सुखासुखी मिळालं नाही. न्यूझीलंडच्या दक्षिणेकडच्या काही खेळाडूंना हा ऑकलंडचा पक्षपात वाटला. ‘रिमुताका’ जहाजावर कुरबुर इतकी वाढली, की गॅलहरने आणि उपकर्णधार बिली स्टेडने राजीनामे पुढे केले. व्यवस्थापकाने ते घेतले नाहीत, तरी मतदान झालंच. २९ पैकी १७ जण त्यांच्या बाजूने उभे राहिले. एवढ्याशा बहुमतावर हा संघ इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला आणि पहिल्याच सामन्यात त्याने डेव्हन या इंग्लिश काउंटीच्या संघाचा ५५-४ असा फडशा पाडला. न्यूझीलंडच्या संघाचं ‘ऑल ब्लॅक्स’ हे नाव सर्वतोमुखी झालं ते याच दौऱ्यात.

खरी गंमत स्क्रममध्ये होती, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांत गुंतून चेंडूसाठी रेटारेटी करतात त्या झुंजीत. त्या काळी ब्रिटनमध्ये स्क्रमला आठ फॉरवर्ड (पुढच्या फळीतले खेळाडू) जमायचे आणि जो आधी पोचेल तो पुढे उभा राहायचा. न्यूझीलंडने प्रत्येकाची जागा पक्की करून टाकली होती. स्क्रममध्ये सातच जण, दोन-तीन-दोन अशा रांगांत. आठवा गॅलहर, म्हणजे विंग-फॉरवर्ड, बाहेर. चेंडू स्क्रममध्ये तोच टाकायचा, आणि मागून निघालेला चेंडू आपल्या हाफबॅकच्या (स्क्रममागून चेंडू उचलून पुढे देणाऱ्याच्या) हाती येईपर्यंत स्क्रमच्या कडेला ठाम उभा राहायचा. समोरच्याला हाफबॅकपर्यंत पोचायला वाटच मिळायची नाही.

ब्रिटिशांच्या मते हा सरळसरळ अडथळा होता. त्यात गॅलहर पायांना शिन-गार्ड (नडगीचं संरक्षण) बांधायचा, त्यामुळे गर्दीत तो लगेच ओळखू यायचा आणि प्रेक्षकांचा राग नेमका त्याच्यावर निघायचा. माझ्या मते हा आरोप अन्यायाचा होता. तो जे करायचा ते पंचांच्या डोळ्यांदेखत करायचा, आणि प्रतिस्पर्धी हरत होते ते समोरच्या संघाची तयारी कितीतरी सरस होती म्हणून. ब्रिटन, फ्रान्स आणि उत्तर अमेरिका मिळून ३५ सामन्यांत ३४ विजय, ९७६ गुण केले आणि फक्त ५९ दिले. हे एकट्या माणसाच्या आडवं येण्याने घडत नाही.

हरले ते कार्डिफला, १६ डिसेंबर १९०५ रोजी, वेल्सविरुद्ध ०-३. वेल्सच्या टेडी मॉर्गनच्या एका ट्रायने, म्हणजे गोलरेषेपार चेंडू टेकवून मिळवलेल्या गुणांनी, सामना गेला. न्यूझीलंडच्या बॉब डीन्सने रेषेपार चेंडू टेकवला होता की नाही, यावर आजही चर्चा झडते. मला मात्र त्या दिवसाची दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. स्क्रममध्ये चेंडू टाकताना पंच गॅलहरला इतक्या वेळा दंड करत होते, की शेवटी त्याने आपल्या हूकरना (स्क्रममधला चेंडू पायाने मागे ओढणाऱ्या खेळाडूंना) चेंडूसाठी झगडूच नका असं सांगितलं. वेल्सने तोवर न्यूझीलंडचीच युक्ती उचलली होती: त्यांनीही स्क्रममध्ये सातच फॉरवर्ड उतरवले.

हा दौरा आटोपल्यावर त्याने खेळणं थांबवलं. स्टेडबरोबर रग्बीवर जाडजूड पुस्तक लिहिलं, ऑकलंडचा आणि देशाचा संघ निवडला. पहिल्या महायुद्धात वयामुळे त्याच्यावर सक्ती नव्हती, तरी तो भरती झाला. धाकटा भाऊ डग्लस १९१६ मध्ये फ्रान्समध्ये लढाईत मारला गेला होता. ४ ऑक्टोबर १९१७ रोजी बेल्जियममधल्या ब्रूडसाइंडच्या हल्ल्यात डेव्ह जखमी झाला आणि त्याच दिवशी गेला. पोपरिंगेजवळ त्याची कबर आहे. तिच्यावर वय ४१ कोरलंय. खरं ४३ होतं, कारण सैन्याच्या कागदांवर त्याने वय कमी लावलं होतं.

१९२२ पासून ऑकलंडच्या क्लब स्पर्धेत त्याच्या नावाची ढाल दिली जाते. विंग-फॉरवर्डवरची कुरकुर मात्र त्याच्यामागेही चालूच राहिली. अखेर १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला स्क्रमच्या पुढच्या रांगेत तिघं हवेतच असा नियम झाला आणि न्यूझीलंडला ती जागा सोडावी लागली.