मुद्रा लोनमध्ये ना सबसिडी ना माफी

परभणी काय, जालना काय, बीड काय, कुठंबी जा, लोक हेच सांगतेत की मुद्रा लोन, म्हणजे छोट्या धंद्यासाठीचं कर्ज, हा सरकारचा पैसा, अर्धी सबसिडी अन् उरलेलं इलेक्शनला माफ. साफ खोटंय हे. 2015 ला योजना आली तेव्हापासून मुद्रात मुद्दलावर सबसिडी नाहीच अन् माफीची तरतूद पण नाही, पैसा बँकेचा, व्याज लागतं, फक्त तारण मागत नाहीत. सरकारची गॅरंटी आहे ती बँकेसाठी, त्यानं तुमचं कर्ज फिटत नसतं, हप्ते थकले की सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा रेकॉर्ड, बिघडतं अन् उद्या लेकराच्या शिक्षणाचं लोन पण अडकतं. आपल्याकडं तर गिऱ्हाईक सोयाबीनचे पैसे येईपर्यंत उधारीवर असतं आणि हप्ता मात्र दर महिन्याला, म्हणून माफीच्या भरवशावर गिरणी नाहीतर पार्लर टाकणारे जास्त मरतेत, लई वाईट वाटतं बघून.

सबसिडी पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात आहे. खेड्यात ओपनला 25 टक्के, महिला, एससी, एसटी, ओबीसींना 35. पण ती पण हातात येत नाही, 3 वर्षं बँकेत लॉक राहते अन् धंदा चालू दिसला तरच कर्जात वळती होते.

अन् एजंटला एक रुपया देऊ नका, मुद्रासाठी थेट बँकेत जा.