एमसीबी पडत नाही, मग कनेक्टर जळतो कसा?

थंडी सुरू झाली की वायरमन लोकांकडे एक तक्रार हमखास येते, गिझर गरमच होत नाहीये. जाऊन बघावं तर कॉईल चांगली, थर्मोस्टॅट चांगला, पण वायर जिथे जोडलीय तिथला कनेक्टर काळाठिक्कर पडलेला, अर्धा वितळलेला आणि वायरवरचं प्लास्टिक दोन-तीन बोटं कडक होऊन तडकलेलं. घरातल्या काकूंचा प्रश्न ठरलेला असतो, "अहो दादा, एवढं जळलं तर एमसीबी का नाही पडला?" (एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद पडणारा बोर्डातला स्विच.) प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर समजून घेण्यासारखं आहे, कारण घरातल्या वायरिंगमध्ये वायर मधेच जळते असं फार कमी वेळा होतं, जळतो तो बहुतेक वेळा जॉईंट.

कनेक्टर म्हणजे काय तर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते ती पांढरी किंवा काळी प्लास्टिकची पट्टी, बारा घरांची, हवी तेवढी घरं ब्लेडने कापून घ्यायची. प्रत्येक घरात एक छोटी पितळी नळी, नळीवर दोन स्क्रू, एका बाजूने एक वायर घालायची, दुसऱ्या बाजूने दुसरी, स्क्रू आवळायचे, झालं काम. गिझर-शेगडीसाठी तोच प्रकार चिनी मातीत मिळतो, कारण चिनी माती तापली तरी वितळत नाही आणि पेटत नाही. पण एक लक्षात घ्या, चिनी माती जॉईंट गरम होण्यापासून वाचवत नाही, गरम झाला तर फक्त स्वतः टिकून राहते, आतला स्क्रू सैल असेल तर वायर तिथेही जळतेच.

आता मुख्य गोष्ट. दोन धातू एकमेकांना टेकले म्हणजे ते पूर्ण टेकले असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. तांब्याची तार हाताला कितीही गुळगुळीत लागली तरी बारकाईने बघितलं तर तिच्यावर उंचवटे आणि खड्डे असतात, पितळेवरही तेच. नवीन टाकी लावलेल्या जात्याच्या दोन तळ्या एकमेकींवर ठेवल्यावर जशा थोड्याच टोकांवर टेकतात तसं इथे होतं, आणि सगळा करंट त्या मोजक्या टोकांमधूनच जातो. रॅग्नार होल्म नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने विसाव्या शतकात आयुष्यभर याच विषयावर काम केलं. या सगळ्यातून एक गोष्ट पक्की कळली, ती अशी की खरी टेकलेली जागा किती हे दिसणाऱ्या आकारावर ठरत नाही, तुम्ही किती जोराने दाबलंय आणि धातू किती मऊ आहे त्यावर ठरतं. दाब वाढवला की उंचवटे चेपतात, नवीन टोकं टेकतात, रेझिस्टन्स म्हणजे करंटला होणारा अडथळा कमी होतो. म्हणजे कनेक्टरचं काम दोन वायरी जवळ आणणं एवढंच नाहीये, तो दाब वर्षानुवर्षं टिकवून धरणं हे त्याचं खरं काम आहे, आणि चांगला कनेक्टर कुठला आणि वाईट कुठला हे सगळं इथेच ठरतं.

आकडे टाकून बघू. दोन हजार वॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो. त्याला अडीच स्क्वेअर एमएमची वायर असेल तर तिचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ८ मिलिओहम (ओहम हे रेझिस्टन्सचं माप, मिलिओहम त्याचा हजारावा भाग), म्हणजे बोर्डापासून गिझरपर्यंत १० मीटर जाऊन येऊन २० मीटर धरली तर सगळे मिळून ०.१६ ओहम, आणि त्यात उष्णता निर्माण होते १२ वॅट. पण ती २० मीटरवर पसरलेली असते, त्यामुळे वायर हाताला जेमतेम कोमट लागते. नीट आवळलेल्या जॉईंटचा रेझिस्टन्स एखादा मिलिओहम, किंवा त्याहून कमी, तिथे एक वॅटचा दहावा हिस्साही उष्णता होत नाही. आता तोच जॉईंट सैल पडला, गंजला आणि त्याचा रेझिस्टन्स अर्धा ओहम झाला असं धरा. अर्धा ओहम ऐकायला काहीच नाही वाटत, पण आता त्या हरभऱ्याएवढ्या जागेत ३६ वॅटच्या आसपास उष्णता तयार होतेय. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांचा साधा सोल्डरिंग गन २५ वॅटचा असतो, आणि त्याने शिसं-कथिल वितळतं. म्हणजे गिझर चालू आहे तोवर तुमच्या भिंतीत सोल्डरिंग गनपेक्षा जास्त तापणारी वस्तू बसलेली आहे.

आणि एमसीबीला यातलं काही दिसत नाही. एमसीबी करंट बघतो, ठरलेल्यापेक्षा जास्त झाला की पडतो. इथे करंट वाढलेलाच नाहीये, उलट वाटेत अर्धा ओहम जास्तीचा आल्यामुळे तो ८.७ वरून साडेआठवर आला, थोडा कमीच झाला! ईएलसीबी किंवा आरसीसीबी बघते की फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला का, तर तो पूर्ण परत येतोय, कुठे लीक होत नाहीये, मग ती तरी का पडेल. म्हणून काकूंना उत्तर असं की एमसीबी खराब नाही, त्याला या कामासाठी बनवलेलंच नाही. खूप जण एमसीबी, ईएलसीबी बसवून निर्धास्त होतात आणि जॉईंट कसे मारलेत ते कोणी बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बरं हे एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही. गिझर पाणी तापलं की बंद होतो, गार झालं की परत चालू होतो, दर वेळी जॉईंट तापतो, पसरतो, निवतो, आकसतो, आणि स्क्रूला मागे ओढून घेणारी स्प्रिंग वगैरे काही नसल्यामुळे तो दर वेळी किंचित सैल होत जातो. सैल झाला की हवा आत जाते, तांब्यावर ऑक्साईड चढतं, रेझिस्टन्स वाढतो, आणखी तापतो. पुढे तर आणखी विचित्र प्रकार होतो, तांब्याच्या ऑक्साईडचा एक प्रकार असा आहे की तो जितका तापेल तितका त्या तापलेल्या जागेतून करंट सोपा जातो, त्यामुळे सगळा करंट एका बारीक रेषेत गोळा होतो आणि ती रेषा लालभडक होऊन चमकत राहते, तासन् तास. तेव्हाही गिझर चालूच असतो, पाणी तापत असतं, आणि घरात कोणाला काही कळत नाही, फार तर जळक्या मासळीसारखा एक वास येतो तो लोक बाथरूमच्या ड्रेनेजवर ढकलतात.

मग छताच्या पंख्याला पण तसलाच कनेक्टर असतो, तो का नाही जळत? कारण उष्णता करंटच्या वर्गावर जाते. ७५ वॅटचा पंखा घेतो ०.३३ अँपिअर, गिझर त्याच्या साधारण २६ पट, म्हणजे त्याच सैल जॉईंटमध्ये गिझरमुळे होणारी उष्णता पंख्याच्या सातशे पट! पंखा हादरत असतो त्यामुळे त्याचे स्क्रू सैल पडतात हे खरं, पण तिथे फार तर पंखा मधेच बंद पडतो, चरचर आवाज येतो, कोणीतरी दांडीवरची वाटी खाली करून आवळतो आणि विषय संपतो. त्यामुळे जास्त लक्ष द्यायची यादी छोटी आहे: गिझर, एसी, इस्त्रीचा प्लग, इंडक्शन, पाण्याची मोटर आणि मीटरकडची वायर.

आता आपल्याकडे हे स्क्रू सैल राहतातच का ते बघू, आणि इथे वायरमनला सरसकट दोष देण्यात अर्थ नाही, काम ज्या पद्धतीने शिकवलं जातं त्यातच गोम आहे. आपल्या घरातली वायर एकच जाड तार नसते, बारीक तारांची असते, अडीचच्या वायरमध्ये ०.३ मिमीच्या ३६ तारा. स्क्रूचं टोक फिरत फिरत खाली येतं तेव्हा ते या तारांना बाजूला सारतं, काही कापतं, आणि ३६ पैकी सहा-सात तुटून नळीच्या बाहेर मिशांसारख्या उभ्या राहिलेल्या तुम्ही कुठल्याही जुन्या कनेक्टरमध्ये बघू शकता. वर तो स्क्रू आवळलाय कशाने, तर खिशातल्या टेस्टरने! टेस्टरची मूठ बारीक, पातं लहान, त्याने हवा तेवढा जोर लागतच नाही. ३ मिमीच्या स्क्रूला साधारण अर्धा न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, म्हणजे स्क्रूपासून १० सेंटीमीटर लांब दांड्यावर अर्धा किलो वजन टांगल्यावर येतो तेवढा, ते चांगल्या मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरचंच काम आहे. आणि स्वस्तातल्या पट्टीत पितळ इतकं पातळ असतं की नीट जोर दिला की आटेच जातात, मग स्क्रू नुसता गोल फिरतो आणि माणूस म्हणतो बसला.

यावर उपाय साधा आहे, तारांच्या टोकाला पिन लग, म्हणजे तारांवर चढवायची धातूची छोटी टोपी, लावायचा आणि क्रिम्पिंगच्या पकडीने दाबायचा, मग स्क्रू लगवर बसतो, तारा तुटत नाहीत. काही जण तारांना सोल्डर मारून मग स्क्रू आवळतात, दिसायला फार छान दिसतं पण ते करू नका, सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकत जातं आणि काही महिन्यांत स्क्रू आपोआप सैल. पीळ मारून काळी टेप गुंडाळायची पद्धत तर सगळीकडेच आहे, पण पीळ कितीही घट्ट मारला तरी त्याला दाबून धरणारं बाहेरून काही नसतं, टेप फक्त शॉक लागू नये म्हणून असते, तापली की तिचा डिंक चिकट होऊन ओघळतो आणि टेप सुटते. आणि असे पीळ मारलेले जॉईंट पाईपच्या आत ढकलून वर प्लास्टर केलेलं असतं तिथे तर काय बोलायचं. जॉईंट नेहमी उघडता येईल अशा बॉक्समध्येच पाहिजे, त्याला दुसरा पर्याय नाही.

जुन्या बिल्डिंगमध्ये अजून एक भानगड असते, ॲल्युमिनियमची वायर. लाकडी पट्टीवर क्लिपा मारून केलेलं वायरिंग ज्यांच्या घरी आहे त्यांच्याकडे ती असू शकते, आणि मीटरला येणारी सर्व्हिस वायर तर अजूनही बऱ्याच ठिकाणी ॲल्युमिनियमचीच असते. ॲल्युमिनियम सोललं की काही क्षणात त्यावर ऑक्साईडचा पातळ थर येतो, आणि तो करंट जाऊ देत नाही. शिवाय ते तांब्यापेक्षा जास्त पसरतं, तांबं अंशाला दहा लाखात १७ भाग तर ॲल्युमिनियम २३, आणि स्क्रूच्या दाबाखाली चेपत जातं. त्यात तांब्याची वायर थेट ॲल्युमिनियमला पिळली आणि मुंबई-कोकणातली खारी दमट हवा लागली की दोघांमध्ये बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी पूड दिसते ती तीच. अशा ठिकाणी दोन्ही धातूंसाठी बनवलेला लग किंवा कनेक्टरच वापरायचा.

बाहेरच्या देशांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या पद्धतीने सोडवलाय. कॅनडात विल्यम मार याने १९१४ च्या सुमारास टोपीसारखा कनेक्टर काढला, आज जो तिथे आणि अमेरिकेत घरोघरी असतो त्याच्या आत शंकूच्या आकाराची स्प्रिंग असते, वायरींची टोकं एकत्र धरून टोपी फिरवली की स्प्रिंग त्यांना चावून धरते. तिथे घरात एकजीव जाड तार वापरतात म्हणून ते छान जमतं, आपल्याकडे फारसं दिसत नाही. दुसरी वाट जर्मनीची. मिंडेन गावात १९५१ साली वागो कंपनी सुरू झाली ती स्क्रूऐवजी स्प्रिंगने वायर दाबायच्या कल्पनेवरच. त्यांचे नारिंगी खटक्याचे पारदर्शक कनेक्टर आता आपल्याकडे ऑनलाईन आणि मोठ्या दुकानात मिळतात, खटका उचला, ११ मिमी सोललेली वायर घाला, खटका खाली करा. मला यातली खरी हुशारी वाटते ती अशी की तार तापून पसरली, निवून आकसली, वर्षानुवर्षं दाबून थोडी चपटी झाली तरी स्प्रिंग तिच्या मागे मागे जाते, दाब सोडत नाही, जे स्क्रूला जमत नाही. बारीक तारांची वायरसुद्धा त्यात लगशिवाय चालते आणि पारदर्शक असल्यामुळे तार पूर्ण आत गेली का ते दिसतं. महाग पडतात हे खरंय, पण घरातले दहा-बारा महत्त्वाचे जॉईंट असे करून घ्यायला हरकत नाही. नकली पण येतात, स्प्रिंग पातळ असलेले, तर विश्वासाच्या दुकानातूनच घ्या.

आता सगळ्यात धोक्याचा जॉईंट, न्यूट्रलचा. थ्री फेज आलेल्या बिल्डिंगमध्ये मेन पॅनलमधला न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला की प्रत्येक घराला २३० व्होल्ट मिळायची हमी संपते. दोन वेगवेगळ्या फेजवरची दोन घरं मग ४०० व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात. तिसरी फेज बाजूला ठेवून बघा, एका घरात २००० वॅटचा गिझर आणि दुसऱ्यात १०० वॅटचा टीव्ही-दिवा चालू असेल तर गिझरवाल्याला जेमतेम २० व्होल्ट मिळतात आणि टीव्हीवाल्याला ३८० च्या आसपास. एका मजल्यावर लाईट मंद, दुसऱ्यावर एकदम लख्ख, आणि पाठोपाठ टीव्ही, फ्रीज, राऊटर जळाले, असं झालं असेल तर ते नशीब वगैरे नाही, एक सैल बोल्ट आहे. तुमच्या घरात लाईट अचानक नेहमीपेक्षा जास्त लख्ख दिसले तर विचार करत बसू नका, आधी मेन स्विच बंद करा आणि मग खाली फोन करा.

गिझर पावसाळाभर पडून असतो, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा लावायच्या आधी वायरमनला बोलवा. स्वतः उघडू नका, बाथरूम आहे. मेन बंद करून त्याला कनेक्टर उघडायला सांगा, प्रत्येक वायर हलकेच ओढून बघायला सांगा आणि प्रत्येक स्क्रू चांगल्या स्क्रू ड्रायव्हरने परत आवळायला लावा. स्क्रू पाव फेरा जरी फिरला तर तो सैल होता. प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालं असेल किंवा तार काळी दिसत असेल तर नुसतं आवळून चालणार नाही, काळी झालेली तार चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापायची, नवीन लग, नवीन कनेक्टर. वायर कापल्यावर आखूड पडते म्हणून काळ्या टोकावरच नवीन कनेक्टर लावायचा आग्रह कोणी धरला तर ऐकू नका, तुकडा वाढवावा लागला तरी चालेल.