दोन हजार तासांचा आकडा

घरातलं कोणी ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यात होतं, अशा नाशिककरांना ‘ओव्हरहॉल’ म्हणजे यंत्र पूर्ण उघडून, तपासून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडणं, हे सांगावं लागत नाही. १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिलेला हा कारखाना. पुढे मिग-२७ आणि सुखोई-३० आली. इंजिनं कोरापुटची, विमान इथलं. सोव्हिएत शिस्तीत तास किंवा वर्षं भरली की ‘लाइफ संपली’, विमान ओव्हरहॉलसाठी शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्ये. त्यात वाद नसे.

त्यामुळेच एखाद्या लहान विमानाचं इंजिन हवेत बंद पडल्याची बातमी आली की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘टीबीओ उलटून गेला होता का?’ प्रश्न रास्त वाटतो, पण गोंधळ तिथूनच सुरू होतो.

टीबीओ म्हणजे दोन ओव्हरहॉलमधला काळ. सेसना १७२ मध्ये असतात तशा लायकमिंग इंजिनांना तो साधारण २,००० तास किंवा १२ वर्षं, यांपैकी जे आधी भरेल ते. मात्र हा आकडा इंजिन बनवणाऱ्याची शिफारस आहे. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी विमान उडवणाऱ्यावर तो कायद्याने बंधनकारक नाही. लढाऊ विमानाची ‘लाइफ’ आणि लहान विमानाचा टीबीओ एकाच अर्थाने वापरले की चर्चा भरकटते. त्यात ‘झिरो टाइम’ची भर. ओव्हरहॉल झालं की तास शून्यावर आले, असा समज पक्का आहे. प्रत्यक्षात नव्याच्या मापात बसवलेलं इंजिन आणि झिजेच्या चालणाऱ्या मर्यादेत बसवलेलं इंजिन, दोघांच्याही लॉगबुकात शब्द एकच: ओव्हरहॉल.

राइट बंधूंच्या १९०३ च्या १२ अश्वशक्तीच्या इंजिनाला हा प्रश्न पडलाच नाही. चार उड्डाणांनंतर वाऱ्याने विमान उलथलं आणि ते इंजिनही निकामी झालं.

खरा धक्का दुसऱ्या महायुद्धात बसला. पाणबुड्या शोधणाऱ्या ब्रिटिश विमानांच्या नोंदी तपासताना दिसलं की दर ५० तासांच्या तपासणीनंतर लगेच बिघाड वाढतात आणि मग कमी होत जातात. म्हणजे चालत्या यंत्राला लावलेला हातच काही बिघाड आणत होता. १९७८ च्या एका अमेरिकी अहवालाने प्रवासी विमानांबद्दल आणखी पुढचं सांगितलं: ठरावीक वयाला भाग बदलण्याचा फायदा जेमतेम ११ टक्के भागांनाच होतो.

‘चालतंय तर हात लावू नका’ म्हणणारे या दोन्ही दाखल्यांचा आधार घेतात. मला तो आधार खोटा वाटतो. ओव्हरहॉल पुढे ढकलायचं तर नजर दुप्पट ठेवावी लागते. दर ५० तासांनी तेल बदलताना फिल्टर कापून त्यात धातूचा कीस आहे का पाहायचं. सिलिंडरला ८० पौंड दाबाची हवा देऊन किती टिकते ते मोजायचं. इंजिनाला ठिणगी पुरवणारे मॅग्नेटो ५०० तासांना उघडायचे. हे टाळून नुसता अहवाल दाखवणं म्हणजे चालढकल.

आणि आपल्या हवेत तासांपेक्षा उभं राहणं घातक. लायकमिंगमध्ये व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट वर, पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या माथ्यावर असतो. विमान उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल ओघळून जातं. जून ते सप्टेंबर विमान हँगरात दमट हवेत उभं असेल, तर त्या उघड्या लोखंडावर गंज धरतो. पावसाळा उलटल्यावर इंजिन सुरू होतं, आवाजही ठीक येतो आणि कॅमवरच्या गंजाच्या खड्ड्यांवरून टॅपेट, म्हणजे कॅमला टेकून व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, घासत राहतात. जमिनीवरच पाच मिनिटं इंजिन फिरवून भागत नाही. तेल पुरतं तापत नाही, त्यातला ओलावा आतच राहतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरला तेजसबरोबर एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाचीही जुळणी सुरू झाली. त्याचं इंजिन टर्बोप्रॉप, म्हणजे पिस्टनऐवजी टर्बाइनने पंखा फिरवणारं, हिशेब वेगळा. पिस्टन इंजिनाचं जुनं विमान घेणारे मात्र अजूनही लॉगबुकातले तास आधी पाहतात आणि १४ वर्षांत जेमतेम ६०० तास दिसले की खूश होतात. त्याच इंजिनाचा सिलिंडर काढून कॅम आधी पाहायला हवा.